खाडीवर पूल नाही? मग तोच आपला रस्ता

वाचक विचारतात, सायकलवाली ताई सांगते

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले की गाड्यांचा वैताग आला असेल तर सायकल काढा आणि चार दिवस खेड्यापाड्यातल्या रिकाम्या रस्त्यांना लागा, आणि त्यावर एवढे मेसेज आले की संपादक म्हणाले आता या वेळची सगळी पानं यालाच दे. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि ज्यांनी "कुठली सायकल घेऊ" एवढंच विचारलंय त्यांनी थोडं थांबा, त्यावर एकदा वेगळं लिहिते.

ताई नमस्कार. मी ५७ वर्षांचा, पुढच्या वर्षी रिटायर होतोय. रोज सकाळी ३०-४० किलोमीटर सायकल सहज होते, पण मागून डंपरने हॉर्न मारला की अजून पोटात गोळा येतो. परदेशात शेतातून, नदीकाठाने फक्त सायकलींसाठी रस्ते असतात तसं आपल्याकडे पाच-सहा दिवस जाता येईल असं काही आहे का? घरचे म्हणतात हायवेला जायचं नाही, आणि ते मलाही पटतं. (एक वाचक, चिंचवड)

काका, सरळच सांगते, तसं आपल्याकडे नाहीये. पाच दिवस चालवत राहावं आणि एकही गाडी दिसू नये असा फक्त सायकलींचा रस्ता महाराष्ट्रात कुणी बांधलेला नाही. पण म्हणून निराश होऊ नका, कारण गाड्या जवळपास नाहीत असे रस्ते भरपूर आहेत, फक्त ते शोधायची पद्धत उलटी आहे. आपण काय करतो, मॅपवर बारीक रस्ता बघतो आणि म्हणतो हा शांत असेल. तसं नसतं. बारीक रस्त्यावरूनसुद्धा खडीचे डंपर जातात. मी आधी बघते की या रस्त्यावर गाडीवाल्याने का येऊ नये, त्याला काय अडतंय. घाट पडलाय, पुढे रस्ता संपतो, की मध्ये खाडी आहे आणि तिच्यावर पूल नाही. कारण सापडलं की रस्ता आपला.

कोकणातला सागरी महामार्ग हा त्याचा नंबर एकचा नमुना. रेवस ते रेड्डी, म्हणजे रायगडच्या वरच्या टोकापासून सिंधुदुर्गाच्या खालच्या टोकापर्यंत किनाऱ्याने जाणारा रस्ता, माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांचं स्वप्न म्हणून जुनी माणसं अजून सांगतात, कागदावर स्टेट हायवे नंबर ४. नावात महामार्ग असला तरी अर्ध्या ठिकाणी दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला रिव्हर्स घ्यावं लागतं. आणि मध्ये मध्ये खाड्या. रेवदंड्याला पूल आहे, पण पुढे राजपुरीची खाडी, सावित्रीची खाडी, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, या चार ठिकाणी मी गेले तेव्हा तरी फेरीबोटच होती. मुंबईहून गोव्याला निघालेला माणूस चार वेळा बोटीची वाट बघत बसणार नाही, तो ६६ नंबरच्या हायवेने जातो, आणि ट्रकवाला तर जातोच जातो. किनाऱ्याच्या रस्त्याला उरतात गावातल्या रिक्षा, एसटी, मासळीचा टेम्पो आणि आपण.

आता प्लॅन. मुंबईत भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणारी मोठी रोरो बोट (गाड्या थेट आत चढतात अशी) आहे, २०२० च्या मार्चमध्ये सुरू झाली, तिच्यात सायकल जाते, म्हणजे पनवेल-पेण-वडखळचा सगळा धुरळा एका तासात टळतो. पहिल्या दिवशी मांडवा, अलिबाग, रेवदंडा, काशीद करत मुरूड, साधारण ७०. अलिबागपर्यंत गर्दी असते, ती सहन करा, साळावचा पूल ओलांडून कोर्लईला लागलात की सुटलात. दुसऱ्या दिवशी आगरदांड्याहून बोटीने दिघी, मग दिवेआगर आणि तिथून शेखाडीमार्गे श्रीवर्धन, ५०-५५ होतात, मुद्दाम कमी ठेवलेत कारण दिवेआगर ते श्रीवर्धन हा तुकडा भरभर संपवायचा नाही, उजव्या हाताला सलग समुद्र. तिसऱ्या दिवशी हरिहरेश्वरला जाऊन बागमांडल्याला बोट, पलीकडे वेशवी, तिथून बाणकोट, कासवांचं वेळास, केळशी, आंजर्ले. चौथ्या दिवशी हर्णै, कर्दे, लाडघर, कोळथरे करत दाभोळ, बोटीने धोपावे आणि मुक्काम गुहागर. पाचव्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, बोटीने जयगड, मग मालगुंड, म्हणजे केशवसुतांचं गाव, आणि गणपतीपुळे. सहाव्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी, २५ च्या आसपास, दुपारची नाहीतर रात्रीची ट्रेन पकडून घरी.

एक गंमत लक्षात ठेवा. या रस्त्यावर मुरूड दोन आहेत, एक जंजिऱ्याचं आणि एक दापोलीचं, आणि वेळासही दोन आहेत, एक दिघीच्या पुढे आणि एक बाणकोटजवळ. मी एकदा फोनमध्ये नुसतं "मुरूड" टाकलं आणि बराच वेळ उलट्या दिशेने चालवत होते, ऊन डाव्या गालावर का येतंय हे कळायला मला १० किलोमीटर लागले.

उत्तरेकडून दक्षिणेकडेच जा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलोय ना आपण, ते इथे मांड्यांना कळतं. पहाटे वारा जमिनीकडून अगदी हलका असतो, आणि दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा जो सुटतो तो रेड्डीकडे जाणाऱ्याच्या पाठीला लागतो आणि रेवसकडे येणाऱ्याच्या तोंडावर. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

आणि हो, किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट असं समजून जाऊ नका, तिथेच सगळे फसतात. प्रत्येक खाडी समुद्राच्या पातळीला आणि दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्याचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. म्हणजे गावातून निघालात की तोंड वर करून चढायचं, सड्यावर पाच-सात किलोमीटर वारा खायचा, की परत सरळ खाली. एकही चढ सिंहगडाएवढा नाही, पण असे दिवसात सहा-सात येतात, आणि सहाव्याला आपण देवाचं नाव घेतो. मागच्या चाकाला जास्त दात्यांची कॅसेट, म्हणजे गिअरच्या चकत्यांचा संच, असलेली सायकल न्या आणि उतरून ढकलायची लाज बाळगू नका, मी ढकलते.

फेरीबोटीत सायकल घेतात का? तिकीट, रांग वगैरे कसं असतं? टाइम टेबल असतं का? (तिघांचा एकच प्रश्न, डोंबिवली, कराड, नगर)

घेतात, अगदी आनंदाने घेतात. दाभोळ-धोपावे ही फेरी २००३ साली सुरू झाली आणि मग हळूहळू बाकीच्या खाड्यांवर तशाच बोटी आल्या. त्याआधी होडीत सायकल आडवी घालून नेत, आणि तेव्हाच्या लोकांच्या तोंडात अजून "तर" हाच खाडी ओलांडायच्या होडीचा शब्द आहे, "तरीवर जा" म्हणाले तर घाबरू नका. वेळापत्रक असतं, सकाळपासून रात्रीपर्यंत ठरावीक अंतराने बोट सुटते, पण शेवटच्या बोटीच्या भरवशावर दिवस आखू नका आणि आदल्या मुक्कामी विचारून घ्या, घरमालकाला सगळं माहीत असतं. पावसाळ्यात समुद्र बघून बंदही ठेवतात.

दाभोळला मी पहिल्यांदा गेले तेव्हा सुट्टीचा दिवस होता आणि धक्क्यावर गाड्यांची रांग पार वरच्या वळणापर्यंत, एसी लावून सगळे आत बसलेले. मी मुकाट्याने रांगेत शेवटी उभी. तर बोटीवरचा पोरगा लांबूनच हात करायला लागला, "ओ मॅडम, सायकल पुढे घ्या, पुढे घ्या." बोटीचा पुढचा पत्रा धाडकन सिमेंटवर पडतो, आधी पलीकडून आलेल्या गाड्या उतरतात, मग पायी माणसं आणि दुचाक्या चढतात, मग गाड्या कोंबतात. पत्र्यावर आडव्या पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात, त्यावर ओलं चाक सटकतं, तेव्हा चढताना उतरून हातात धरूनच चढा. आत गेलात की कठड्याला टेकवा आणि एक बंजी कॉर्ड बांधून टाका. माझ्या शेजारी रिकामी पाटी उलटी घालून एक कोळीण मावशी बसल्या होत्या, त्यांनी माझ्या पॅनिअरकडे, म्हणजे सायकलला लटकवलेल्या पिशव्यांकडे, बघून विचारलं, "काय विकतेस?" मी म्हटलं काही नाही, फिरतेय. त्यांना ते काही पटलं नाही. "मग एवढं ओझं कशाला," म्हणाल्या. घरी आल्यावर मी खरंच अर्धं सामान कमी केलं.

खाड्यांवर पूल बांधायची कामं निघाली आहेत, निविदा, भूमिपूजन सगळं चालू आहे. गावातल्या माणसाला दवाखान्यात न्यायचं तर पूल हवाच, त्यावर मी कोण बोलणार. पण पूल झाले की हा रस्ता आज आहे तसा राहणार नाही, तेव्हा काका, रिटायर व्हायची वाट बघू नका, रजा शिल्लक असेल तर याच थंडीत जा.

तुमच्यावर विसंबून आम्ही दिवेआगर-श्रीवर्धन रस्त्याला गेलो. शांत कसला, गाड्यांची जत्रा होती, एकाने तर गाणी लावून रस्त्यातच सेल्फी काढायला गाडी आडवी लावली. तुम्ही स्वतः जाता की मॅप बघून लिहिता? (एक नाराज वाचक, ठाणे)

जाते हो, स्वतः जाते. पण चूक माझीच आहे, मागे त्या रस्त्याचं नाव घेतलं तेव्हा मी दिवस लिहिला नव्हता. तुम्ही २६ जानेवारीला जोडून आलेल्या शनिवार-रविवारी गेलात असं पुढे लिहिलंय, त्या दिवशी अख्खी मुंबई आणि अर्धं पुणे तिथे असतं. काशीद, दिवेआगर, कर्दे, गणपतीपुळे ही चार नावं शनिवार-रविवार आणि नाताळ ते एक जानेवारी पूर्ण टाळायची. सोमवारी सकाळी निघा, शुक्रवारी गणपतीपुळे गाठा आणि शनिवारी पहाटेच तिथून बाहेर पडा. तोच शेखाडीचा रस्ता मंगळवारी सकाळी सातला मी केलाय, पहिल्या तासात एक दूधवाला, एक एसटी आणि म्हशी. १९९३ च्या बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स याच शेखाडीला उतरवलं होतं, यावरून अंदाज करा तेव्हा तो किनारा किती निर्मनुष्य असेल. आता रस्ता चांगला झालाय आणि रीलवाल्यांना कळलाय.

दिवसाइतकीच वेळही महत्त्वाची. हर्णैला मासळीचा लिलाव सुरू व्हायच्या आधी तरी गाव पार करा नाहीतर थांबून लिलाव तरी बघा, मध्येच अडकलात तर टेम्पो आणि बर्फाच्या गाड्यांत घामाघूम व्हाल. जयगड बंदराचे ट्रक निवळीच्या रस्त्याने हायवेला जातात, त्या रस्त्याला चुकूनही लागू नका, जेट्टीवरून वर आलात की मालगुंडची वाट धरा. आणि खाली रेड्डीपर्यंत जाणार असाल तर तिथे खाणीचे डंपर धरून चाला. एप्रिल-मे मध्ये आंब्याच्या पेट्यांच्या पिकअप रात्रभर आणि पहाटे सुसाट पळत असतात, पण त्या उकाड्यात तुम्ही सायकल चालवणार नाही असं मी गृहीत धरते.

आमच्या भागात समुद्र नाही, डोंगर नाही. बारामती-इंदापूरकडे राहते, वय ४४, नुकतीच सायकल घेतलीय. आम्ही दोघी मैत्रिणी आहोत, रोज २० किलोमीटर तरी बिनधास्त चालवता येईल असं जवळपास काही असेल का? मेन रोडला नवरा जाऊ देत नाही. (एक वाचक, बारामती तालुका)

अगं, तुझ्या दाराशी जे आहे ते बघायला मी कुठून कुठून येते! नीरा डावा कालवा. १८८५ च्या सुमाराचा, इंग्रजांच्या काळातला, आणि त्याच्या कडेने पाटबंधारे खात्याचा जो रस्ता जातो ना, मुरमाचा, कुठे डांबरी कुठे नुसती दोन चाकोऱ्या, तो आपल्याकडचा सायकल ट्रॅकच समज. कालव्याला पाणी आपोआप वाहायचं म्हणून तो जवळपास सपाट खणलेला असतो, त्यामुळे कडेचा रस्ताही सपाट, चढ नाही, वळणं लांब लांब, आणि जुन्या कालव्यांना झाडी असते. गाडी म्हणशील तर शेतकऱ्याची मोटरसायकल आणि फार तर पाटकऱ्याची, म्हणजे कालव्याचं पाणी सोडणाऱ्या माणसाची, जीप. नगरकडे प्रवरेच्या कालव्यांनाही असेच रस्ते आहेत, तिकडच्या वाचकांनी करून बघा.

तीन गोष्टी मात्र सांभाळ. एक, कालव्याला कठडा नसतो आणि आवर्तन सुटलेलं, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडलेलं, असलं की पाणी दिसतं त्यापेक्षा जोरात असतं, काठाच्या बाजूने दोघींनी जोडीने गप्पा मारत चालवायचं नाही, एकीमागे एक. दुसरं म्हणजे पाऊस. काळी माती ओली झाली की ती चाकाला लागत नाही, चाकच होते, मडगार्डमध्ये गच्च बसते आणि सायकल खांद्यावर घेऊन यावी लागते, तेव्हा मोठा पाऊस झाला की दोन दिवस सुट्टी.

तिसरी गोष्ट बाभळी आणि सराटे. हा तुमच्या भागातला खरा ट्रॅफिक. बाभळीचा काटा निदान दिसतो, सराटा दिसतही नाही, बाजरीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, चारही बाजूंनी टोकं, कसाही पडला तरी एक टोक वर. पंक्चर झालं की ट्यूब बदलून तशीच परत घालू नकोस, काटा टायरमध्येच असतो आणि नवी ट्यूब दहा मिनिटांत जाते. बोटाने आतून चाचपायला गेलीस तर बोटात जाईल. कापसाचा बोळा घे आणि टायरच्या आतून गोल फिरव, जिथे कापसाचा धागा अडकेल तिथे काटा, मग भुवया कोरायच्या चिमट्याने बाहेरून ओढ. माझ्या पंक्चर किटमध्ये सोल्युशन, पॅच, लिव्हर आणि तो चिमटा असतो. काटा निघाला तरी बोळा अजून एकदा फिरव, सराटे एकटे येत नाहीत.

आणि साखर कारखाने. गळीत हंगाम चालू झाला, म्हणजे दिवाळीच्या आसपासपासून उन्हाळा लागेपर्यंत, की दोन दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर गावातल्या प्रत्येक रस्त्याला असतात, मागे दिवे नाहीत, उसाचे शेंडे दोन्ही बाजूंना फूटभर बाहेर, आणि ड्रायव्हरच्या कानात गाणी. ते दिवस असतील तर कारखान्याकडे जाणारे डांबरी रस्ते सोडूनच दे, कालव्यावरच राहा, आणि अंधार पडायच्या आत घरी. नवऱ्यालाही एक दिवस बरोबर घेऊन जा, तिथले बगळे आणि खंड्या बघून तोच रोज यायला लागेल बघ.

माझी मुलगी म्युनिकला असते. आम्ही दोघं (६१ आणि ५८) उन्हाळ्यात तिच्याकडे जातोय. ती म्हणते डॅन्यूब नदीच्या कडेने सायकलने जा, सगळे म्हातारे जातात. आम्हाला इथे पर्वतीपर्यंत सायकल नेली तरी धाप लागते. खरंच जमेल का? (एक वाचक, पुणे)

जमेल, आणि मुलगी अगदी बरोबर सांगतेय. पर्वतीला धाप लागते ती चढाने, तिथे चढच नाही. जर्मनीतलं पासाउ ते ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना, साधारण ३२० किलोमीटर, नदीबरोबर खाली खाली जायचं. हा रस्ता सायकलसाठी नव्याने बांधलेलाच नाही मुळात. इंजिनं यायच्या आधी प्रवाहाविरुद्ध होड्या ओढायला काठावरून घोडे चालायचे, त्या घोड्यांची वाट पुढे नदीची देखभाल करणाऱ्यांसाठी राहिली आणि आता तिच्यावरून सायकली जातात. आपली कालव्याची वाट आणि ही वाट म्हणजे सख्ख्या बहिणी, फक्त एकीला डांबर आणि पाट्या मिळाल्या. नदीवर धरणं बांधलीत, त्यामुळे पाणीही संथ, आणि वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा म्हणजे पाठीवर. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत युरोपभर जो ६ नंबरचा सायकल मार्ग आखलाय त्याचाच हा तुकडा.

रोज ४०-४५ करा, आठ दिवस लागतील, कुणी पाठीमागे लागलेलं नाही. पासाउहून पहिल्याच दिवशी श्लोगेन नावाच्या गावापाशी नदी अशी वळते की आलेल्या दिशेलाच परत निघाल्यासारखी वाटते, आणि तिथे सायकलवाल्यांसाठी छोट्या होड्या आहेत, दाभोळची मोठी बहीण नाही, धाकटी. मेल्क ते क्रेम्स हा ३५-३६ किलोमीटरचा पट्टा वाखाउ म्हणून ओळखला जातो, २००० सालापासून जागतिक वारसा यादीत आहे, द्राक्षमळे आणि जर्दाळूची झाडं. जुलैत गेलात तर रस्त्याकडेला टेबलावर टोपल्या मांडलेल्या असतात. तिथल्याच ड्युर्नस्टाइनच्या किल्ल्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२ मध्ये कैदेत होता, किल्ला वर आहे, तुम्ही खालून बघा आणि पुढे जा.

पुढे टुल्नच्या अलीकडे झ्वेन्टेन्डॉर्फला नदीकाठी एक अख्खा अणुवीज प्रकल्प उभा आहे जो कधी सुरूच झाला नाही, १९७८ मध्ये लोकांचं मत घेतलं आणि अगदी निसटत्या फरकाने नको असं ठरलं. सायकलवरून मी त्याच्याकडे बघत होते आणि मला जैतापूर-माडबनचा होऊ घातलेला अणुप्रकल्पच आठवत होता, तोही आपल्या किनाऱ्याच्या रस्त्यावरच लागतो.

सायकल भारतातून नेऊ नका, पासाउला भाड्याने मिळते आणि व्हिएन्नात परत देता येते, बॅटरीवालीही मिळते, तुम्हाला तीच बरी. नदीच्या दोन्ही काठांनी वाट आहे, एका बाजूला मोटार रस्ता जवळ आला की पुलाने नाहीतर होडीने पलीकडे व्हायचं. सायकलवाल्याने उजवीकडून जायचं हे पहिल्या दिवशी दर पाच मिनिटांनी एकमेकांना सांगा, आपली सवय डावी. आणि एक मनापासून सांगते, मेतकूट आणि लाडू घेऊन जा. ब्रेड आणि चीजवर चार दिवस मजा येते, पाचव्या दिवशी माणसं भांडतात.

म्युनिकहून आणखी जवळ काही हवं असेल तर मुलीलाच विचारा. मात्र जर्मनीच्या पश्चिम टोकाला आखेन गावापासून बेल्जियममधून लक्झेंबर्गपर्यंत जाणारी वेनबान म्हणून वाट आहे, ती कधीतरी मनात ठेवा, जुन्या रेल्वेचे रूळ काढून केलेली, १२५ किलोमीटर. रेल्वेला चढ झेपत नाही, त्यामुळे सायकललाही चढ नाही. आपल्याकडेही नॅरो गेजचे बंद पडलेले रूळ आहेत, विदर्भातल्या लोकांना शकुंतला आठवत असेल, पण तिथे लोकांना गाडी परत हवी आहे आणि मला त्यांचंच बरोबर वाटतं.

कोकणात सायकल ट्रेनने कशी न्यायची? पार्सलवाले नीट उत्तर देत नाहीत. (एक वाचक, कल्याण)

दोन मार्ग. ज्या गाडीने जाताय त्याच गाडीच्या ब्रेक व्हॅनमध्ये लगेज म्हणून बुक करायची, त्यासाठी तिकीट हातात घेऊन पार्सल ऑफिसला किमान दीड तास आधी जा, सायकलवर नाव, फोन आणि स्टेशन लिहिलेला पुठ्ठा दोन ठिकाणी बांधा, पावती जपा. दोन मिनिटं थांबणाऱ्या स्टेशनावर चढ-उतार करायला पार्सलवाले नाखूश असतात, तेव्हा चिपळूण, रत्नागिरी अशी मोठी स्टेशनं धरा. माझी सायकल एकदा माझ्याशिवाय पुढे गेली होती, दुसऱ्या दिवशी परत आली, चेन उतरलेली आणि बेल गायब, त्यामुळे मी आता दुसरा मार्ग वापरते: दोन्ही चाकं काढायची, हँडल फिरवून सांगाड्याला बांधायचं, मोठ्या पिशवीत घालायचं आणि सामान म्हणून बरोबर. जागेचं सगळं टीसीच्या मूडवर असतं. पिशवीतून मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, बाहेर येणार नाही असं बघा, चादर गुंडाळा, पाचशे रुपयांची चादर वाचवायला जाऊन तीन हजारांचा डिरेलर वाकवलेली मंडळी मी पाहिलीयत.

ताई, आम्ही पणजीचे. कोकण बिकण ठीक, पण एका सकाळी होईल असं गोव्यात काही? बीचकडे तर रेंटच्या गाड्यांनी जीव नकोसा केलाय. (एक वाचक, पणजी)

दिवाडी. जुन्या गोव्याहून किंवा रायबंदरहून फेरी, पाच-सात मिनिटांत पलीकडे. बेटावर जायला फेरीशिवाय वाट नाही, त्यामुळे गाडीवाल्याला काय अडतंय हा वर सांगितलेला नियम तिथे अख्ख्या बेटाला लागू. खाजन शेतं (खाडीचं पाणी बांधाने अडवून केलेली), मानशी (त्या बांधातले पाण्याचे दरवाजे), टेकडीवर पिएदादचं चर्च, एवढा एकच चढ. शेजारी चोडण आहे, तिथे सालिम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य, पण तिकडे गाड्या जास्त.

रस्त्यात कुत्री मागे लागतात त्याचं काय करायचं? बाकी सगळं जमतं पण याच भीतीने बाहेर पडत नाही. (एक वाचक, सातारा)

पळवू नका, तुमच्यापेक्षा ते जोरात पळतं. उतरा, सायकल त्याच्या आणि तुमच्या मध्ये ठेवा, आणि चालायला लागा. सायकलवरचा माणूस म्हणजे त्याला काहीतरी भलतंच वाटतं, चालणारा माणूस ओळखीचा असतो. जवळ घर असेल तर मोठ्याने "काका, कुत्रं बघा हो" असं ओरडा, कुत्र्याला आपलं नाव ऐकल्यासारखं होतं आणि आतून कुणीतरी येतंच, बहुतेक वेळा पाणीही विचारतात.